दुपारी दगावणारे मॉनिटर

आष्टी, तालुका परतूर, जिल्हा जालना. या गावात गुन्हे कमी घडतात आणि त्याचं श्रेय लोक पोलीस चौकीला देतात. ते श्रेय माझं आहे.

मी भुजंगराव बागल, खासगी गुप्तहेर. उंची बेताची, नजर अफाट. नाक सरळ आहे आणि ते मी कुठेही खुपसू शकतो. गुप्तहेरगिरीचा पोस्टाने येणारा कोर्स मी पहिल्याच प्रयत्नात पूर्ण केला. त्यात दुसरा प्रयत्न करायची सोय नव्हती, पण असती तरी मला लागली नसती. हाती घेतलेलं एकही प्रकरण मी अर्धवट सोडलेलं नाही, कारण बहुतेक प्रकरणं माझ्या दहशतीने आपोआप संपतात. रामरावांची हरवलेली म्हैस शोधत मी थेट शहागडच्या पुलापर्यंत गेलो होतो. परत येऊन पाहतो तर ती गोठ्यात रवंथ करत उभी. माझ्यासारखा माणूस मागावर आहे हे कळल्यावर जनावर दुसरं करणार तरी काय?

कचरू हा माझा सहायक. नात्याने मेव्हणा. त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान माझ्या कार्यालयाच्या खाली आहे. तो म्हणतो की माझं कार्यालय त्याच्या दुकानाच्या माळ्यावर आहे, पण हा बघण्याच्या कोनाचा फरक झाला. कामाच्या वेळी मला ‘साहेब’ म्हणायचं, असं मी त्याला अनेकदा बजावलं आहे. तो ‘बरं दाजी’ म्हणतो आणि पंक्चर काढायला बसतो.

तर ही गोष्ट सन दोन हजार दोनच्या जानेवारीतली. त्या वर्षी थंडी अशी पडली होती की बाजारातली माणसं भावही हात खिशात ठेवूनच करत होती. मी माळ्यावर उन्हाच्या पट्ट्यात बसून गुन्हेगारी जगताचा विचार करत होतो. डोळे मिटलेले होते. तेवढ्यात शिडी वाजली आणि सत्यशीला खंदारे वर आली.

ही औरंगाबादेत राहून संगणक शिकलेली मुलगी. तिकडे नोकरी मिळत असताना ती गावात परतली आणि केशरकाकूंच्या घरातली पुढची खोली भाड्याने घेऊन तिने कॉम्प्युटर क्लास सुरू केला. आष्टीतला पहिलाच.

“काका,” ती म्हणाली, “माझे मॉनिटर मरून राह्यलेत.”

मी ताठ बसलो. “प्रेत कुणी पाहिलं?”

“प्रेत न्हाई काका. मॉनिटर. कांप्युटरचा टीव्हीसारखा डबा असतो ना, तो.”

“मला माहीत आहे,” मी म्हणालो. ते मला त्याच क्षणी माहीत झालं होतं.

हकीकत अशी. पुण्याच्या कुठल्याशा कचेरीने मोडीत काढलेले चार जुने मॉनिटर तिने आणले होते. सकाळच्या बॅचला चौघेही ठणठणीत चालायचे. दुपारी क्लास बंद, सत्यशीला जेवायला घरी. ऊन उतरायला लागलं की दुसरी बॅच बसायची आणि थोड्या वेळात चौघांपैकी एकाचं चित्र आकसायचं, थरथरायचं, कसलासा वास यायचा आणि ‘टक्’ असा आवाज होऊन सगळा अंधार. दुसऱ्या सकाळी तोच मॉनिटर काही झालंच नाही अशा थाटात सुरू. आणि त्या दिवशी दुपारी भलताच मॉनिटर आडवा.

“दुरुस्तीला नेला नाहीस?”

“जालन्याला नेल्ता की. तिथं दिवसभर चालला. मिस्तरी म्हणला, ह्याला काय बी झालं न्हाई, तुमच्या गावची हवा ह्याला मानवून न्हाई राह्यली. परत आणला, की झाला टक्. आता पुन्हा एक तिकडंच ठेवलाय.”

मग तिने खरी गोष्ट सांगितली. रविवारी परीक्षा होती. आष्टीला परीक्षा केंद्र पहिल्यांदाच मिळालं होतं आणि मंडळाकडून जालन्याहून निरीक्षक येणार होते. परीक्षेत यंत्र बंद पडलं तर केंद्र रद्द.

“माझ्याकडं पोरीच जास्त हायेत काका. गावात परीक्षा हाय म्हणून घरचे पाठवून राह्यले. बेबीनंदाचा बाप तर साफ म्हणलाय, जालन्या-फालन्याला पोरगी जाणार न्हाई. गावात परीक्षा झाली तर ठीक, न्हाई तर शिकणं बंद, स्थळ बघून ठेवलंय. तिच्याइतकी हुशार पोरगी माझ्या क्लासात दुसरी न्हाई.” एवढं बोलून ती माळ्याच्या पत्र्याकडे बघू लागली.

मला वाईट वाटलं. गुप्तहेराला भावना नसतात असं कोर्सच्या तिसऱ्या धड्यात होतं, पण तो धडा मला पोस्टाने पोचलाच नव्हता.

“प्रकरण घेतलं,” मी म्हणालो. “फीचं नंतर बघू.”

“केशरकाकू म्हणल्यात, तपास चालंल तवर दुपारी त्यांच्याकडं जेवा.”

“तर मग तपास सखोल करावा लागेल,” मी म्हणालो.

क्लासच्या दाराशीच फळी होती: चपला बाहेर काढा, धूळ आणू नका, यंत्रांना धक्का लावू नका, विनाकारण आत येऊ नका. खोली देवघरासारखी स्वच्छ. मी मोजे काढण्यावरून थोडी हुज्जत घातली, कारण माझ्या मोज्यांची आतली परिस्थिती मला ठाऊक होती. शेवटी तेही काढले.

मॉनिटर चांगले ऐसपैस होते, पुढून टीव्ही आणि मागून कुबड. कुबडावर आतली गरम हवा जायला फटी. मी भिंग लावून पाहणी सुरू केली. एकाच्या फटीशी मुंग्यांची रांग होती. दुसऱ्यावर पांढरट डाग. तिसऱ्यावर केशरकाकूंची मांजर बसून मॉनिटरची टाळू चाटत होती. मी नाक लावलं. वास आंबट होता.

“काय वाटतं दाजी?” कचरूने विचारलं.

“मुंग्या, डाग, मांजर, आंबट वास,” मी म्हणालो. “या चारही गोष्टींचा एकमेकींशी काहीही संबंध नाही. गुन्हेगार आपल्याला गोंधळात टाकतोय.”

तेवढ्यात केशरकाकूंनी जेवायला हाक मारली. केशरकाकू म्हणजे साठीच्या पुढच्या, एकट्या, आवाज दणदणीत. बोलायला लागल्या की श्वास कधी घेतात हे आजवर कुणाला सापडलेलं नाही. त्यांनी गरम धपाटे वाढले आणि वर पांढरंशुभ्र दही. दही असं घट्ट की चमचा उभा राहावा. आमच्या घरी त्या थंडीत दही लागतच नव्हतं. मालनबाई, म्हणजे माझी पत्नी, रोज सकाळी विरजलेल्या दुधाकडे बघून नशिबाला बोल लावायची. त्या दह्याचा प्रकरणाशी काही संबंध नव्हता, पण उत्तम होतं म्हणून लिहून ठेवतो. मी तीनदा घेतलं.

दुसऱ्या दिवशी पहिला मोठा दुवा हाती लागला. सत्यशीलाला विचारता विचारता कळलं की ज्या दिवशी मधल्या सुट्टीत लाइट गेलेली असते, त्या दिवशी दुसऱ्या बॅचला एकही मॉनिटर दगावत नाही.

“म्हणजे गुन्हेगार अंधाराला भितो,” मी म्हणालो.

“दुपारी कसला अंधार दाजी?” कचरू म्हणाला. “लख्ख ऊन असतंय.”

“तेच तर. दुपारीसुद्धा भितो, यावरून किती भित्रा असेल बघ.”

गावात भित्रा आणि वैर धरणारा माणूस कोण, तर अण्णासाहेब. त्यांचं टायपिंग इन्स्टिट्यूट. कॉम्प्युटर क्लास निघाल्यापासून त्यांच्याकडचे विद्यार्थी गेले होते आणि टाइपरायटरवर फडकी पडली होती. त्यात तो आंबट वास! आंबट म्हणजे तेजाब, म्हणजेच ॲसिड. आणि अण्णासाहेबांच्या शेजारी ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या चार्ज करून मिळतात. साखळी पूर्ण झाली होती. मी कचरूला घेऊन त्यांच्याकडे धडकलो.

“अण्णासाहेब, खेळ संपला,” मी दारातूनच म्हणालो. “दुपारी तुम्ही कुठं असता?”

“झोपलेला असतो.”

“साक्षीदार?”

“झोपेला साक्षीदार कशाला लागतो भुजंगराव? बायको म्हणते घोरता, ती साक्ष चालंल का?”

“कॉम्प्युटर क्लासबद्दल तुमच्या मनात काय आहे? खरं बोला.”

अण्णासाहेबांनी इकडे तिकडे पाहिलं, दार लोटलं आणि हळू आवाजात म्हणाले, “कुणाला सांगू नका. मी सकाळच्या बॅचला जातो. उजाडायच्या आत मफलर बांधून जातो. रविवारी माझी बी परीक्षा हाय. त्या पोरीचे मॉनिटर गेले तर माझं काय व्हईल? तुम्ही जल्दी काहीतरी करा हो!”

त्यांनी आम्हाला चहा पाजला. संशयिताकडून एवढं सहकार्य मिळालं की माणूस हताश होतो.

बाहेर आल्यावर कचरू म्हणाला, “दाजी, तेजाब असतं तर मांजर चाटली असती का?”

या अडाणी प्रश्नातून मला विजेसारखी कल्पना सुचली. मांजर! ती चाटत नव्हती. ती काम करत होती. कुणीतरी शिकवून तयार केलेली मांजर रोज दुपारी जाते, एका मॉनिटरवर बसते आणि फटीतून पंजा घालून आतली वायर ओढते. आता तिला शिकवणारा शोधायचा, म्हणजे तिचा पाठलाग आला. मी घोंगडी पांघरली आणि मांजरीच्या मागे निघालो.

मांजर कुंपणावरून गेली, मी कुंपणातून गेलो. मांजर गटारावरून उडी मारून गेली, मी गटारातून गेलो. शेवटी ती एका घराच्या न्हाणीघराच्या भिंतीवर चढली. मी भिंतीवरून डोकावलो आणि आतून एका बाईचा आरडाओरडा सुरू झाला. ते न्हाणीघर माझंच होतं आणि आत मालनबाई होती. घोंगडीमुळे तिने मला ओळखलं नाही आणि गरम पाण्याचा तांब्या रिकामा केला. मग ओळखलं आणि बादली रिकामी केली.

“मांजर आपल्या घरी कामून आली?” नंतर कचरूने विचारलं.

मी घोंगडी पिळायला घेतली. तपासाची ही दिशा पुढे नेली असती तर मलाच अटक करावी लागली असती.

आता शनिवार उजाडला. हाती फक्त गटाराचा वास उरला होता. सत्यशीला मला काही बोलत नव्हती, पण मुलींना शिकवताना तिचं लक्ष सारखं मॉनिटरकडे जात होतं. बेबीनंदा सकाळीच येऊन कोपऱ्यात बसलेली, हातात पुस्तक, ओठ हलताहेत. उंच, सडपातळ, फारशी कुणाशी न बोलणारी मुलगी. ती मला एवढंच म्हणाली, “काका, उद्या चालंल ना?”

“बिलकुल चालेल,” मी म्हणालो. मला काहीही माहीत नव्हतं आणि पहिल्यांदाच त्याची भीती वाटली.

म्हणून मी ब्रह्मास्त्र काढलं. दुपारी क्लास बंद झाल्यावर मी खोलीतच दबा धरायचा. मॉनिटर ज्या खोक्यातून आले होते त्यातलं एक मोठं खोकं कोपऱ्यात होतं. त्यात मी बसलो, कचरूने वरून चिकटपट्टी लावली आणि बघायला एक भोक पाडलं. जेवण आधीच झालेलं होतं. धपाटे, ठेचा, दही.

सगळे गेले. खोली शांत झाली. मी डोळा भोकाला लावला. नजर अफाट असल्याचं मी सांगितलंच आहे.

थोड्या वेळाने दार उघडलं. माझे स्नायू ताठले. पण केशरकाकू होत्या. त्यांनी उंबऱ्याबाहेर चपला काढल्या. हातात झाकलेलं पातेलं, खांद्यावर जुन्या गोधडीचा तुकडा. त्यांनी एका मॉनिटरचं बटन दाबलं. पडदा उजळला आणि त्यावर एक चौकट इकडून तिकडे हिंडायला लागली. काकूंनी मॉनिटरच्या कुबडावर हात ठेवून ऊब पाहिली, मान डोलावली, पातेलं त्यावर ठेवलं, पातेल्यासकट सगळा मॉनिटर गोधडीने गुंडाळला आणि “हलू नगं बरं का,” असं त्याला सांगून त्या निघून गेल्या.

मला भरून आलं. परक्या पोरीचं यंत्र, पण ही माउली त्याला धूळ लागू नये, थंडी वाजू नये म्हणून जपतेय! जगात अजून चांगुलपणा आहे. मी मनातल्या मनात त्यांना नमस्कार केला आणि पुन्हा गुन्हेगाराची वाट पाहू लागलो.

मग मांजर आली. ती गोधडीवर चढून झोपली. तिला पाहून मलाही जांभई आली. खोक्यात ऊब होती, पोटात धपाटे होते आणि त्यानंतर जे घडलं ते मला सांगता येत नाही, कारण मला जाग आली तेव्हा दुपारची बॅच बसलेली होती आणि मुली किंचाळत होत्या. खोकं घोरतंय, असं त्यांचं म्हणणं होतं. कचरूने चिकटपट्टी फाडून मला बाहेर काढलं. गोधडी गेली होती, पातेलं गेलं होतं, आणि मी उभा राहतोय तोच एका मॉनिटरचं चित्र आकसलं.

टक्.

“काय दिसलं दाजी?” कचरूने विचारलं.

“माझी नजर क्षणभरही हटली नाही. आत फक्त केशरकाकू आणि मांजर आली. त्याअर्थी गुन्हेगार अदृश्य आहे.”

“काकू कामून आल्त्या?”

“कचरू!” मी कडाडलो. “त्या बाईबद्दल अवाक्षर काढायचं नाही. आपण त्यांच्या घरचं खाल्लंय.”

कचरू “बरं” म्हणून दुकानात हवा भरायला गेला.

रविवारी निरीक्षक आले. तौरसाहेब. इस्त्रीचा शर्ट, वर स्वेटर, खिशाला दोन पेनं, चेहऱ्यावर हसू कुठंच नाही. सकाळच्या बॅचची परीक्षा सुरळीत पार पडली. अण्णासाहेब मफलरमध्ये येऊन बसले आणि टाइपरायटरच्या सवयीने बटनं अशी बडवली की साहेबांनी त्यांना दोनदा हळू म्हणून सांगितलं. मॉनिटर तिन्ही चालले. सत्यशीलाचा चेहरा जरासा सैल झाला.

दुपारच्या बॅचला तीन मुली होत्या आणि मॉनिटर तीनच. जादा एकही नाही. मधल्या सुट्टीत केशरकाकूंनी साहेबांना जेवायला बसवलं. शेजारी मी, कारण तपास चालूच होता.

साहेबांनी धपाट्याचा तुकडा दह्यात बुडवला, तोंडात घातला आणि हात थांबला.

“मावशी, हे दही घरचं?”

“घरचंच की. घ्या अजून.”

“आमच्याकडे जालन्याला महिना झाला दही लागत नाही. बायको पातेलं पिठाच्या डब्यात ठेवते, चुलीशी ठेवते, काही होत नाही. तुम्ही काय करता?”

“काय करायचं त्यात?” काकू वाढता वाढता म्हणाल्या. “मी कांप्युटरवर लावते.”

माझ्या हातातला घास परत ताटात पडला.

“कशावर?” साहेब म्हणाले.

“कांप्युटरवर. त्यो डबा लई गरम व्हतो वरून. बटन दाबायचं, पातेलं ठेवायचं, गोधडी गुंडाळायची. आत्ता बी ठेवलंय की. येता का दाखविते?”

दारात उभ्या असलेल्या सत्यशीलाने भिंत धरली. “काकू! तुम्ही मला एकदा तरी सांगायचं!”

“तू इचारलंस का? तूच फळी लिव्हलीस, आत कुणी जायचं न्हाई, धूळ नगं, धक्का नगं, चपला भाईर. मंग दह्याला दुसरं काय लागतं बाई? साऱ्या घरात येणारी-जाणारी, मांजर, पाहुणे. तेवढी एकच खोली निवांत. आन् मी काय एकट्याच डब्याला तरास देत न्हाई. पाळीपाळीनं लावते. रोज एकालाच लावलं तर त्यो दमंल न्हाई का?”

कचरूने माझ्याकडे पाहिलं.

“माझा हाच अंदाज होता,” मी म्हणालो.

“काल तर अदृश्य म्हणला तुम्ही.”

“गोधडीखाली दही अदृश्यच असतं.”

सगळे उष्ट्या हातांनी धावले. गोधडी काढली, पातेलं उचललं. मॉनिटर तव्यासारखा तापला होता. सत्यशीलाने घाईघाईत यंत्र सुरू करून पाहिलं. चित्र आलं, थरथरलं, आकसलं, टक्.

तौरसाहेबांनी हात धुतले. हात धुताना ते पुन्हा निरीक्षक झाले. “दुपारचे उमेदवार तीन, चालू यंत्रं दोन,” ते म्हणाले. “बॅचचा पेपर एकाच वेळी सुरू व्हावा लागतो, आणि बेबीनंदाचा नंबर शेवटचा. तिची परीक्षा पुढच्या महिन्यात जालन्याला होईल. आणि या केंद्राबद्दल मला लिहावं लागेल.”

अंगणात बेबीनंदाचा बाप हाताची घडी घालून उभा होता. जालना हा शब्द ऐकला आणि तो एवढंच म्हणाला, “चल घरी.”

बेबीनंदा हलली नाही. तिने रडारड केली नाही, वाद घातला नाही. ती नुसती त्या काळ्या पडद्यासमोरच्या खुर्चीवर बसून राहिली. तीनदा दही घेणारा मी, आणि शिक्षा ह्या पोरीला!

“अरे, एवढं काय त्यात?” केशरकाकू म्हणाल्या. “मी रोज तुमच्या आधी त्याला सुपानं वारा घालून थंड करते. घातला की येतो शुद्धीवर.” त्या आतून सूप घेऊन आल्या आणि मॉनिटरच्या मागे उभ्या राहून वारा घालू लागल्या. थोड्या वेळाने पडदा उजळला. काकू थांबल्या की चित्र आकसायचं, वारा घातला की पसरायचं.

“टेबलफॅन नाही का?” साहेबांनी विचारलं.

“लावला की फ्यूज जातो,” सत्यशीला म्हणाली.

साहेब विचारात पडले. “ठीक आहे. वारा घालायला नियमात मनाई नाही. पण मावशी, परीक्षेत बोलायचं नाही.”

“मी कशाला बोलू? काय गं बेबीनंदा, त्या मुलाच्या घरी जमीन किती म्हणला तुझा बाप?”

काकूंना बाहेर पाठवण्यात आलं. सत्यशीला शिक्षिका, तिला आत मनाई. अण्णासाहेब पुढे झाले, तर ते सकाळचे उमेदवार, त्यांना पेपर ठाऊक. बेबीनंदाचा बाप नातेवाईक. कचरूने हात वर केला.

“तुम्हाला कॉम्प्युटर येतो?” साहेबांनी विचारलं.

“खिडकीतून बघून थोडा आलाय,” कचरू लाजत म्हणाला. “नाव टाइप करता येतं.”

“मग नाही चालणार. उमेदवाराला काही सुचवता येणार नाही असा माणूस पाहिजे. ज्याला यातलं ओ की ठो कळत नाही, असा कुणी आहे का?”

अंगणातली सगळी माणसं एकदम माझ्याकडे वळली. सत्यशीला, काकू, कचरू, अण्णासाहेब, बेबीनंदाचा बाप, सगळी. खिडकीत बसलेली मांजरसुद्धा.

“आत्ता कसं!” कचरू म्हणाला. “साहेब, ह्यांची मी लिहून ग्यारंटी देतो.”

मी मोजे काढले, सूप हातात घेतलं आणि मॉनिटरच्या कुबडामागे उभा राहिलो.

पेपर सुरू झाला. सूप हलकं असतं हा गैरसमज आहे. सुरुवातीला मी ऐटीत घालत होतो. मग उजवा दंड भरून आला, मी डाव्या हाताने घातला. डावा भरून आला, मी दोन्ही हातांनी घातला. मॉनिटरकडे निघालेल्या मुंग्यांनी वाटेत माझ्या पायाचा समाचार घेतला. मला मॉनिटरच्या टाळूवरून फक्त बेबीनंदाचे डोळे दिसत होते. ते पडद्यावर खिळलेले होते आणि पलीकडे बोटं चालत होती. माझा हात जरा मंदावला की त्या डोळ्यांत भीती यायची. त्यावरून मला कळायचं की चित्र आकसतंय. मी पुन्हा जोर लावायचो. बाकीच्या दोघी पेपर देऊन गेल्या. बेबीनंदाचं शेवटचं गणिताचं कोष्टक राहिलं होतं आणि माझ्या खांद्यातून कळ निघत होती. कुणाच्या इतकं उपयोगी पडायची मला आयुष्यात सवय नव्हती. मला रडू येत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

शेवटी कोपऱ्यातला प्रिंटर करकरला. कागद बाहेर आला. तौरसाहेबांनी तो वरपासून खालपर्यंत वाचला, सही केली आणि मान हलवली.

“झालं,” बेबीनंदा म्हणाली.

मी सूप खाली ठेवलं. टक्.

बाहेर बेबीनंदाचा बाप अजून घडी घालून उभा होता. त्याने मुलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. माझे दोन्ही हात लोंबत होते आणि शर्ट अंगाला चिकटला होता. त्याने हाताची घडी सोडली. “निकाल कवा हाय?” त्याने साहेबांना विचारलं. मग मुलीला म्हणाला, “ह्याच्या फुडची परीक्षा बी हितंच असती का?”

बेबीनंदाने सत्यशीलाकडे पाहिलं. सत्यशीलाने तौरसाहेबांकडे पाहिलं.

साहेब ओट्यावर बसून अहवाल भरत होते. केशरकाकू त्यांच्या डोक्याशी उभ्या होत्या. “मंग साहेब, आता माझं दही टेबलाखालच्या त्या बॅटरीच्या डब्यावर लावू का? त्यो बी गरम व्हतो.”

“नाही!” आम्ही सगळे एकदम ओरडलो.

साहेबांनी एकेक रकाना भरला. यंत्रं जुनी, पण चालू. शिस्त चांगली. पुढल्या रकान्याशी त्यांचं पेन थांबलं. त्यांनी मान वर करून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, आणि त्या दिवसातलं पहिलं हसू त्यांच्या चेहऱ्यावर आलं.

रकाना होता: केंद्रात हवा खेळती आहे काय? साहेबांनी लिहिलं: उत्तम. आणि खाली केंद्र मंजूर असल्याची सही केली.

माझ्या कामाची अधिकृत कागदावर झालेली ही पहिली नोंद.